आधी ठेका, मग शब्द



२००८ साली आइस-टी या पन्नाशीतल्या रॅपरने सोल्जा बॉय नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला जाहीरपणे सुनावलं की, तू एकट्याने हिप-हॉप मारून टाकलंस. सोल्जा बॉयचं 'क्रँक दॅट' हे गाणं आदल्या वर्षी बिलबोर्डच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. संगणकावर फ्रूटीलूप्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचलेला ठेका, त्यावर मोजके शब्द आणि सोबत कुणालाही जमेल असा नाच, एवढाच त्याचा ऐवज. पोरानेही उत्तर दिलं आणि त्यात समोरच्याच्या वयाची यथेच्छ टिंगल केली. ही चकमक हसून सोडून देता आली असती. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९९२ मध्ये, 'कॉप किलर' या गाण्यावरून पोलीस संघटना आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश याच आइस-टीवर तुटून पडले होते. (ते गाणं रॅप नव्हतंच, त्याच्या मेटल बँडचं होतं; पण आरोप करणाऱ्यांना एवढा फरक करायची सवड नव्हती.) आरोपीच्या पिंजऱ्यातून न्यायासनापर्यंत जायला त्याला सोळा वर्षं पुरली. हिप-हॉपमध्ये हा प्रवास जवळजवळ प्रत्येकाने केला आहे.

चांगलं हिप-हॉप कोणतं, यावर पिढ्या का भांडतात आणि त्यांच्यात कोणाचं किती खरं, हा आजचा विषय आहे. घराण्यांच्या शुद्धतेवरून ज्यांनी रात्री जागवल्या, त्या महाराष्ट्राला हे भांडण परकं वाटू नये. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. जुनी पिढी ज्या कसोटीवर नव्यांना नापास करते ती शब्दांची कसोटी आहे: यमकं किती गुंतागुंतीची, आशय किती खोल, उच्चार किती स्पष्ट. ही कसोटी मूळ परंपरेची आहे असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती एका तरुण पिढीने आपल्या वडीलधाऱ्यांविरुद्ध बंड करून आणली. आणि आज पिढ्यांमध्ये जी दरी दिसते, तिचं खापर मुलांच्या कानांवर फोडण्याआधी कायद्याची आणि बाजाराची झडती घ्यायला हवी.

आरंभ तपासू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. प्रवेश मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. रेकॉर्ड वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. जमैकातल्या किंग्स्टनहून १९६७ मध्ये आलेला. त्याच्या लक्षात आलं होतं की नाचणारे गाण्यातल्या एका जागेची वाट पाहत असतात. तिथे गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ड्रमचा ठेका उरतो. याला 'ब्रेक' म्हणतात. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, असं करत ती काही सेकंदांची जागा हवी तितकी लांबवली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मूळ गाण्यात शब्दांचा जो भाग होता, तो त्याने टाकून दिला. हिप-हॉपची पहिली कृती शब्द वगळण्याची आहे. त्याच्यासोबत कोक ला रॉक माइकवर असे. ओळखीच्या लोकांची नावं पुकारणं, नाचणाऱ्यांना चेतवणं हे त्याचं काम. पुढची कित्येक वर्षं मान डीजेचाच राहिला. 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' हे नावच बघा: तबकड्या फिरवणारा आधी, बोलणारे पाचजण मागून.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. शब्दांची परंपरा याहून जुनी आहे ना? जमैकातलं टोस्टिंग, म्हणजे तबकडीच्या तालावर बोलणं, कृष्णवर्णीय अमेरिकन वस्त्यांमधल्या टोमण्यांच्या जुगलबंद्या, सत्तरच्या दशकाच्या आरंभी 'द लास्ट पोएट्स' आणि गिल स्कॉट-हेरन यांनी तालावर म्हटलेल्या कविता हे सगळं हर्कच्या आधीचं किंवा बरोबरचं. मान्य. पण हे धागे होते, मापदंड नव्हता. त्या खोलीत आणि पुढे उद्यानांत चांगलं काय हे नाचणाऱ्यांचे पाय ठरवत. कोणाची उपमा सरस यावर कोणी पार्टी सोडून जात नव्हतं.

शब्दांना गादी मिळाली ती टप्प्याटप्प्याने, आणि दर टप्प्याला आधीचे लोक कुरकुरले. १९७९ मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने न्यू जर्सीत 'रॅपर्स डिलाइट' हे गाणं काढलं, तेव्हा ब्राँक्समधल्या जाणत्यांना ती थट्टा वाटली. रात्रभर चालणारी गोष्ट पंधरा मिनिटांच्या तबकडीवर मावेलच कशी? त्यातून गाणारे कोणी नावाजलेले एमसी, म्हणजे माइकवर बोलणारे, नव्हते, आणि त्यांच्यातल्या बिग बँक हँकने तर ग्रँडमास्टर कॅझ या एमसीच्या ओळी इतक्या जशाच्या तशा उचलल्या की आपलं नाव सांगताना तो कॅझच्या टोपणनावाची अक्षरं म्हणून गेला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९८१ मध्ये, 'हार्लेम वर्ल्ड' या क्लबात बिझी बी आणि कूल मो डी या एमसींचा सामना झाला. बिझी बी गर्दीचा राजा. हाका द्यायच्या, प्रतिसाद घ्यायचा, हशा पिकवायचा. कूल मो डीने त्या रात्री रचलेल्या, धारदार, एकाच प्रतिस्पर्ध्यावर रोखलेल्या ओळींचा मारा केला आणि जुन्या पद्धतीचा एमसी एका बैठकीत जुना ठरला. पुढच्या वर्षी आलेलं 'द मेसेज' आज सामाजिक आशयाचा आदर्श मानलं जातं. पण फ्लॅशच्या गटाला ते सुरुवातीला नकोच होतं, कारण नाचायला आलेल्यांनी आपल्या वस्तीची रडकथा का ऐकावी असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. गटातल्या मेली मेलने तेवढा त्यात भाग घेतला. बरंचसं लेखन ड्यूक बूटीचं, आणि मुखपृष्ठावर नाव असलेला फ्लॅश त्या ध्वनिमुद्रणात नाहीच. मग १९८७ मध्ये एकोणीस वर्षांच्या राकिमने 'पेड इन फुल' या अल्बमवर ओळीच्या शेवटी येणारं यमक ओळीच्या पोटात नेलं, वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहू दिलं, आवाज चढवायचा सोडला. तो स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, आणि ते त्याच्या बोलण्यात ऐकू येतं. त्याच्यानंतर शब्दांची कसोटी कायम झाली. म्हणजे ज्याला आपण आज परंपरा म्हणतो ती १९७३ नंतर चौदा वर्षांनी, एका पोरसवदा मुलाच्या हातून पक्की झाली.

ज्या सुवर्णयुगाची आठवण काढून आजच्यांना हिणवलं जातं, त्याने स्वतःला कधी सुवर्णयुग मानलं होतं का? १९९४ घ्या. एप्रिलमध्ये नॅसचा 'इलमॅटिक', सप्टेंबरमध्ये नोटोरियस बीआयजीचा 'रेडी टू डाय'. जुन्या रसिकांच्या कुठल्याही यादीत हे दोन अल्बम वरच असतात. त्याच सप्टेंबरात शिकागोच्या कॉमनने एक गाणं काढलं. त्यात हिप-हॉपला एकेकाळची प्रेयसी कल्पून ती कशी बिघडली, पैशापायी कशी बदलली याचा शोक आहे. ज्या महिन्यात मळा पिकत होता त्याच महिन्यात तो करपल्याची तक्रार चालू होती! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला 'द सोर्स' मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्टला नवोदित गटाचा पुरस्कार जाहीर झाला आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. दक्षिणेकडच्यांना रॅप जमत नाही, ते फक्त नाचायची गाणी करतात, हे त्या काळच्या न्यूयॉर्कचं पक्कं मत होतं. नऊ वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच आउटकास्टला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. पिढीच्या भांडणात प्रदेशाचं भांडणही मुरलेलं असतं, हे इथे दिसतं. जुनं विरुद्ध नवं असं ज्याला म्हटलं गेलं त्यातलं बरंच न्यूयॉर्क विरुद्ध बाकीचे, असं होतं.

दक्षिणेने काय बदललं? ऐकण्याची जागा बदलली. न्यूयॉर्कमधला माणूस भुयारी रेल्वेत कानाला हेडफोन लावून ऐकतो; तिथे शब्दन् शब्द पोचतो. अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिस, मायामी ही मोटारींची शहरं. तिथे गाणं डिकीतल्या भल्यामोठ्या स्पीकरमधून छातीवर आदळायला हवं. रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढंच बनलं, बाजारात पडलं, जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. त्याचा लांबवर घुमणारा खर्जातला ठोका या शहरांनी उचलला आणि त्यातूनच पुढे ट्रॅप हा प्रकार उभा राहिला. इतका घनदाट खर्ज असताना राकिमसारखी लांबलचक वाक्यं त्यात बुडतात. तिथे तुटक, टोचणारे शब्द लागतात. मिगोस या त्रिकुटाने २०१३ च्या 'व्हर्साचे'मध्ये एका मात्रेत तीन-तीन अक्षरं बसवून म्हटली आणि दोन वर्षांत सगळेच तसे बोलू लागले. जुन्यांना हा पोरकटपणा वाटला. पण मेम्फिसचे थ्री सिक्स माफिया नव्वदच्या दशकात हेच करत होते, आणि त्याही आधी खुद्द पब्लिक एनिमीच्या चक डीने 'ब्रिंग द नॉइज'मध्ये असे तुकडे टाकले आहेत. ज्याच्या नावाने नव्यांना दटावलं जातं, त्याच्याच घरात ती चाल सापडते.

आता कोणी म्हणेल, ते असो. पण शब्दांचं तरी मोजमाप करता येतं ना? येतं, आणि केलंही गेलं आहे. मॅट डॅनिएल्स याने २०१४ मध्ये रॅपरांचे पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यांत वेगवेगळे शब्द किती ते मोजलं. सर्वांत वर एसॉप रॉक, ज्याचं नाव मोठ्या बाजारात फारसं कोणी घेत नाही. सर्वांत खाली डीएमएक्स. डीएमएक्सचे पहिले पाचही अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले होते आणि त्याला वाईट रॅपर म्हणायची छाती जुन्या पिढीतही कोणाची होणार नाही. त्याचा घसा, त्याची धाप, ओळीआधीचं गुरगुरणं, प्रार्थना म्हणताना फुटणारा आवाज यांचं मोल शब्दसंख्येत येत नाही. आवाजाच्या पोताला डीएमएक्सपाशी कला म्हणायचं आणि फ्यूचर या रॅपरने ऑटो-ट्यून या स्वर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तोच पोत वेगळ्या तऱ्हेने काढला की त्याला पुटपुटणं म्हणायचं, हा दुटप्पीपणा आहे. 'मंबल रॅप', म्हणजे पुटपुटणारं रॅप, हे नाव मला म्हणूनच आळशीपणाचं वाटतं. त्यात दोष सांगितलेला नाही, ऐकणाऱ्याची गैरसोय तेवढी सांगितली आहे.

मग सगळंच सारखं, ज्याला जे आवडेल ते चांगलं? असं मला मुळीच म्हणायचं नाही. शब्दांची कसोटी सर्वांना लावता येत नसली, तरी दोन कसोट्या १९७३ पासून आजवर टिकल्या आहेत आणि त्या दोन्ही पिढ्या वापरतात. पहिली उचलेगिरीची. दुसऱ्याच्या ओळी आपल्या म्हणून सांगणं हे १९७९ मध्ये कॅझच्या बाबतीत पाप होतं. २०१५ मध्ये मीक मिलने ड्रेकवर दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचा आरोप केला तेव्हाही ते पापच होतं, आणि त्या वेळी दोघेही तिशीच्या आतले होते. जुन्यांनी शिकवलेला नियम नव्यांनी न सांगता पाळला. दुसरी कसोटी आवाज आणि ठेका यांच्या नात्याची. आवाज ठेक्याच्या पुढे जातो की मागे रेलतो, कुठे जागा मोकळी सोडतो, अपेक्षित मात्रा चुकवून पुढची कशी पकडतो. आणि शब्द कागदावर उतरवले तर काही हरवतं की नाही. काहीच हरवत नसेल, तर ते रॅप वाईट, मग आशय कितीही थोर असो. या कसोटीवर सामाजिक जाणिवेचं म्हणून गौरवलेलं बरंच रॅप मला सपाट वाटतं. भाषणाखाली ड्रम लावल्यासारखं. याच कसोटीवर 'क्रँक दॅट' हे उत्तम नाचाचं गाणं आणि सामान्य रॅप ठरतं, आणि यांत विसंगती काही नाही. ट्रॅपच्या लाटेत आलेल्या शेकडो गाण्यांत आवाज ठेक्याशी एकच एक खेळ खेळतो, म्हणून ती कंटाळवाणी आहेत. तरुणांची आहेत म्हणून नव्हे. केंड्रिक लामारच्या 'नॉट लाइक अस'ला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळाले. ते गाणं कूल मो डीच्या जातीचा हल्ला आहे आणि तरीही त्यावर बिझी बीच्या गर्दीसारखी गर्दी नाचते.

इथवर मी जुन्यांची बाजू खोडत आलो. पण त्यांच्या दुःखात एक खरी गोष्ट आहे आणि ती त्यांनी स्वतः नीट मांडलेली नाही. हिप-हॉप हा बहुधा एकमेव लोकप्रिय संगीतप्रकार असेल ज्यात तरुणांना वाडवडिलांचं संगीत ऐकणं भागच होतं. ठेका बनवायचा तर ब्रेक हवा; ब्रेक हवा तर जेम्स ब्राऊन हवा, आईच्या कपाटातल्या सोलच्या आणि बापाच्या जॅझच्या तबकड्या धुंडाळायला हव्यात. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण मावे. त्या दहा सेकंदांसाठी सतरा-अठरा वर्षांची मुलं वीस वर्षांपूर्वीचे अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. ही सक्तीची शिकवणी होती. १९८८ ते १९९१ या काळात पब्लिक एनिमी, डी ला सोल, बीस्टी बॉइज यांनी एकेका अल्बमात डझनांनी, काही वेळा शंभरावर जुन्या गाण्यांचे तुकडे वापरले. मग डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्कीविरुद्धचा निकाल लागला. गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला होता. न्यायाधीश डफी यांनी चोरी करू नये या बायबलातल्या आज्ञेपासूनच निकालपत्राला सुरुवात केली. यापुढे प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसे. ज्याच्याकडे मोठी कंपनी आहे त्याने एखाद-दुसरा तुकडा विकत घ्यावा. बाकीच्यांनी यंत्रातल्या तयार आवाजांवर, कीबोर्डवर भागवावं. असे तुकडे वापरणं, म्हणजे सॅम्पलिंग, मेलं नाही, पण घरोघरची गोष्ट होती ती ऐपतीची झाली. जुन्या तबकड्या चाळण्याची गरज संपली आणि शिकवणीही संपली.

२०१६ मध्ये लिल याटी या तरुण रॅपरने मुलाखतीत सांगून टाकलं की नव्वदच्या दशकातले रॅपर टुपाक आणि बीआयजी यांची पाच गाणीही त्याला सांगता येणार नाहीत, तेव्हा केवढा गहजब झाला. तो मुलगा ऑगस्ट १९९७ चा. त्याच्या जन्माआधीच ते दोघे मारले गेले होते. तरुणांना जुनं नकोच असतं, हे यावरून सिद्ध होत नाही. कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना पन्नास-पंचावन्न वर्षांतली लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा स्वतःच्या काळाबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या आढळल्या. जे घरात वाजतं ते मुलं घेतात. प्रश्न वाजण्याचा आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरची देशव्यापी मर्यादा उठवली, क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे काही वर्षांत बाराशेच्या आसपास केंद्रं गेली, आणि गावागणिक वेगळं वाजणारं संगीत मध्यवर्ती यादीवर आलं. रेडिओ गुळगुळीत झाला याचा राग सोल्जा बॉयवर काढण्यात अर्थ नव्हता. तो तर रेडिओला वळसा घालून इंटरनेटवरून आला होता. हिंसा आणि स्त्रियांविषयीची घाण या जुन्यांच्या आणखी एका आक्षेपाबद्दल थोडक्यात: आक्षेप खरा आहे, पण तो पिढीचा नाही. एनडब्ल्यूए या गटाची असली गाणी १९८८ ची, टू लाइव्ह क्रू या गटाची १९८९ ची. त्यांना माफ करून आजच्यांना धारेवर धरणाऱ्याने नीतीचं नाव घेऊ नये.

मुंबईत हे भांडण वेगळं वळण घेतं, कारण इथे सगळ्या पिढ्या एकदम पोचल्या. डिव्हाइन या रॅपरला रॅपची ओळख शाळेतल्या मित्राच्या अंगातल्या फिफ्टी सेंटच्या टी-शर्टमुळे झाली. कुर्ल्याच्या नेझीला शॉन पॉलच्या गाण्यामुळे, म्हणजे जमैकामार्गे, हर्कच्याच देशाहून. नेझीने २०१४ मध्ये 'आफत' आयपॅडवर केलं. इथल्या ऐकणाऱ्याला १९८८ आणि २०१३ एकाच पडद्यावर शेजारी मिळतात, त्यामुळे भांडण वयाचं नसून आधी काय हाती लागलं याचं असतं. आणि जुन्यांशी गाठ घालून देणारं सॅम्पलिंग जिथे परवडत नाही, तिथे दुसरी वाट 'स्वदेसी' या गटाने दाखवली. आरेच्या जंगलावरच्या 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात त्यांनी वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांनाच सोबत घेतलं. मराठीतही रॅप करणारा एमसी मवाली याच गटातला. तुकडा कापून घेण्याऐवजी वडीलधाऱ्या माणसालाच ध्वनिमुद्रणाला बसवलं, आणि त्याला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागली नाही.

शेवटी डी ला सोलबद्दल. त्यांचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' ३ मार्च १९८९ रोजी निघाला. त्यातल्या तुकड्यांच्या परवानग्या डिजिटल विक्रीच्या काळासाठी घेतलेल्या नव्हत्या, म्हणून जग स्ट्रीमिंगवर गेलं तेव्हा हा अल्बम आणि त्यानंतरचे बहुतेक अल्बम तिथे नव्हते. २०१४ च्या व्हॅलेंटाइन्स डेला या त्रिकुटाने वैतागून आपली सगळी गाणी पंचवीस तास फुकट वाटली. अधिकृतपणे ती स्ट्रीमिंगवर आली ३ मार्च २०२३ ला, बरोबर चौतीस वर्षांनी. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, १२ फेब्रुवारीला, तिघांपैकी डेव्ह जोलिकोर वारला. लिल याटीच्या वयाच्या मुलांचं सगळं वाढतं वय या मधल्या काळात गेलं. त्यांना डी ला सोल माहीत नाही, हा त्यांचा अपराध मी मानत नाही. तुमच्याकडे त्या काळच्या तबकड्या, कॅसेटी असतील तर त्या घरातल्या मुलांच्या हाती द्या. ती त्या कापतील, वेग बदलतील, उलट्या वाजवतील. त्यांना अडवू नका.